माझ्या गळ्यातला पुठ्ठा

मी एक जुने ईसीजी यंत्र आहे, मित्रांनो. छातीला तारा लावून हृदयाचे ठोके कागदावर उमटवणे हे माझे काम. मुक्काम कोलकात्यात, बेहाला भागातल्या एका सरकारी दवाखान्यात. जुने असले तरी मी चालू आहे, हे आधी नीट ऐकून घ्या.

मी इथे आले तेव्हा मला झेंडूची माळ घातली होती. नऊ वर्षे मी राबले. रिक्षावाले, शिंपी, मासे विकणाऱ्या बाया, सगळ्यांच्या छातीचे मी खरे सांगितले. मग तापसबाबू तंत्रज्ञ म्हणून आले. त्यांच्या मेव्हण्याने रस्त्यापलीकडे तपासणी केंद्र उघडले आणि त्याच आठवड्यात माझ्या गळ्यात पुठ्ठा आला, 'यंत्र खराब आहे'. माझे काहीही बिघडले नव्हते. रुग्ण पुठ्ठा वाचायचे आणि मुकाट्याने रस्ता ओलांडायचे.

मला रोज पुसायची ती मंगलामाशी, इथली सफाईवाली; बंगालीत माशी म्हणजे मावशी. एका सकाळी तिच्याच छातीत कळ आली. ती माझ्यापासून दोन हातांवर उभी होती.

"माशी, हे बंद आहे. समोर जा," तापसबाबू म्हणाले.

ती रस्त्याच्या कडेला बसली ती उठलीच नाही. मला दात नाहीत, तरी त्या दिवसापासून मी दात खात होते.

यंदा नूपुर आली. बाबांची बँकेतली बदली, म्हणून हे मराठी कुटुंब इथे. लोक सरकारी दवाखाना सोडून खाजगीकडे का वळतात, हे कॉलेजच्या अभ्यासासाठी ती दारोदार विचारत होती. माझ्या खोलीतून ती आईला फोन करायची. माझी मराठी तिच्याकडूनच उचललेली.

"आई, एकतीस घरांनी एकच सांगितलं, यंत्र बंद होतं म्हणून. आता मी यंत्रच बघणार."

दुसऱ्या दिवशी ती मोठ्या डॉक्टरांना, अनुराधादींना, घेऊन आली. तिने पुठ्ठा काढला, खटका दाबला. माझा दिवा लागला.

"आज कसं चाललं कोण जाणे," तापसबाबू पुटपुटले.

आता माझी पाळी होती. हेच तापसबाबू अधूनमधून दार लावून स्वतःची छाती माझ्यावर तपासत. मेव्हण्याच्या केंद्रावर त्यांचा भरवसा नव्हता. कागद ते खिशात घालून नेत, पण तंत्रज्ञाची सवय जाते कुठे? नाव आणि वय घातल्याशिवाय त्यांचे काम सुरूच होत नसे. ते सगळे मी पोटात साठवले होते. नूपुरने जुन्या नोंदींचे बटण दाबले आणि मी कागद ओकू लागले. तापस बिश्वास, वय त्रेपन्न. तापस बिश्वास. तापस बिश्वास. एका कागदावर मंगलामाशी गेली त्याच दुपारची तारीख होती.

अनुराधादींनी तो दोनदा वाचला. "तापसबाबू, त्या सकाळी माशी कुठे उभी होती?"

ते आता निलंबित आहेत. चौकशीला येतात तेव्हा छाती चोळत माझ्याकडे बघतात, आणि मला त्यांची जराही दया येत नाही.

माझी धूळ पुसा, असे मी विनवणार नाही, मित्रांनो. पण असा पुठ्ठा दिसला तर मुकाट्याने परत फिरू नका. एकदा खटका दाबून बघा. मंगलामाशीसाठी तो कुणी दाबला नाही.