शंभरात दोन

आमच्या घरी रोज सकाळी पाच शीलं म्हणतात. जीव घेणार नाही, हे पहिलं. खोटं बोलणार नाही, हे चौथं. शीलं म्हणून, चहा पिऊन मी हॅचरीत जायचे आणि दिवसाला सहा हजार पिल्लं निवडायचे. कोंबडीची, एका दिवसाची पिल्लं. पंख उघडायचा. पिसं लांब-आखूड असली तर मादी, एकसारखी असली तर नर. मादी पिवळ्या क्रेटमध्ये; नर अंडी देत नाही, म्हणून पट्ट्यावर. पट्टा यंत्रात जातो. यंत्राला पाती असतात.

"मी मारत नाही, मी निवडते," असं मी नवऱ्याला सांगायचे.

"मी कुठे काय म्हटलं?" तो म्हणायचा.

आठ वर्षं अशी गेली. मग एके दिवशी मी एक नर मादीच्या क्रेटमध्ये टाकला. मुद्दाम. शंभरात दोन चुका माफ असतात, असा इथला नियम आहे. म्हटलं, तेवढे दोन आपले. बरं वाटेल असं वाटलं होतं. काहीच वाटलं नाही. म्हणून शंभरात तीन टाकले. मग पाच, सहा.

तो क्रेट माझा आणि मावशीचा एकच. मावशी म्हणजे शेजारच्या स्टुलावरची, साठीला आलेली, जाड भिंगांचा चष्मा लावणारी. माझ्या नात्याची नाही. अख्खी हॅचरी तिला मावशीच म्हणते.

गुरुवारी सुपरवायझर टेबलापाशी आला.

"फार्मवाल्याचा फोन होता. तुमच्या क्रेटच्या मालात शंभराला सहा नर. दीड महिना दाणा घातल्यावर कळलं त्याला. माना मुरगळून खड्ड्यात टाकले म्हणतो, आणि शिव्या मी खाल्ल्या." मग मावशीकडे वळला. "मावशी, आता बास. डोळे गेलेत तुमचे. उद्यापासून येऊ नका."

"डोळे गेले असतील. पिसं बोटांना कळतात माझ्या."

"मग बोटांना चष्मा लावा."

मागच्या टेबलावर कुणीतरी हसलं. मावशी पिल्लं निवडतच राहिली, फक्त जरा हळू.

गप्प बसणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे, हेही माझ्या मनात येऊन गेलं. शीलातून पळवाट काढावी तर आमच्यासारख्या रोज म्हणणाऱ्यांनीच.

"ते नर मी टाकलेत," मी म्हटलं.

"चुकून ना? तुझा हात चांगला आहे. चुकून म्हण, विषय संपला."

"मुद्दाम."

"का?"

"मरू नयेत म्हणून."

"मेलेच की. वर दीड महिना लोकांचा दाणा खाऊन."

माना मुरगळल्या हे ऐकूनही आत काही हललं नव्हतं.

"मावशी, तुम्ही बसा, उद्याही या," तो म्हणाला. "आणि तू शिफ्ट पुरी कर नि जा. दोन हजार उरलीत."

"नाही करत."

मी डोक्यावरची टोपी काढली. एका हातात अजून पिल्लू होतं. मावशीने ते माझ्या मुठीतून सोडवून घेतलं.

"पोरी, तुझ्या पुण्यात माझी भाकरी घालताना विचारलंस का मला?"

तिने पिल्लाचा पंख उघडला, भिंगाजवळ नेऊन पाहिला आणि पिल्लू पट्ट्यावर ठेवलं. मग माझा उरलेल्या पिल्लांचा ट्रे स्वतःकडे ओढून घेतला.