उजव्या चाकावरची गादी

मित्रांनो, ट्रॅक्टरच्या मागच्या मोठ्या चाकावर वाकलेला पत्रा तुम्ही पाहिला असेल. तसाच मी एक जुना मडगार्ड आहे, उजव्या चाकावरचा. चिखल अडवायचा, एवढंच माझं काम. कारखान्यात मला दाबून वाकवलं, लाल रंग दिला आणि पाठीवर एक चित्र चिकटवलं: चाकावरून खाली पडणारा माणूस आणि त्याच्यावर मोठी फुली.

पण माणसांना सपाट काही दिसलं की बसावंसं वाटतं. आमच्या रोपवाटिकेचे मालक, त्यांना सगळे माळीदादा म्हणतात, फाटकाशी कुणी दिसलं की ट्रॅक्टर थांबवायचे. "चला, बसा वर. चालत कशाला येता?" पाहुणे बसले, मास्तर बसले, रोपं न्यायला आलेल्या आजीबाईसुद्धा बसल्या. बसणाऱ्यांच्या कपड्यांनी घासून घासून ते चित्र केव्हाच पुसलं गेलं. खरं सांगू? मला त्याचं काडीचंही वाईट वाटलं नाही. डावीकडच्या माझ्या भावावर फावडी आणि दोऱ्या टांगलेल्या असायच्या, मी मात्र पाहुणचार करायचो. पत्र्याच्याही डोक्यात हवा जाते बरं.

माळीदादांच्या थोरल्या बहिणीचं शिलाईचं दुकान होतं. त्या ताई आठवड्यातून दोनदा घरच्यांचे कपडे घेऊन यायच्या. त्यांचा हात असा, की कात्री लावण्याआधीच कापड बाजूला होतंय असं वाटावं. एकदा उतरताना त्या म्हणाल्या, "काय रे, तुझ्या या पत्र्यानं माझी हाडं खिळखिळी केली." पुढच्या खेपेला त्यांनी माझ्यासाठी गादी शिवून आणली. उरलेल्या अस्तराची, निळी, गुळगुळीत, कडेला झालर लावलेली.

माळीदादांच्या बायकोला, म्हणजे वहिनींना, हसू आवरेना. "मडगार्डाला झालर! आता एक टोपडंही शिवा, ताई."

मी मात्र फुगलो होतो. इतकी वर्षं चिखल झेलला, पण असं कौतुक कुणी केलं नव्हतं.

नंतर एका सकाळी ताई त्याच गादीवर बसून येत होत्या. डाव्या हातात गाठोडं, उजव्या हातानं माझी कड धरलेली. वाटेत पाण्याचा पाट होता, वीतभर खोल. चाक त्यात उतरलं आणि वर चढलं. तेवढ्यात गादी माझ्या पाठीवरून सरकली आणि गादीबरोबर ताईही. माळीदादांनी ब्रेक दाबला, तेव्हा चाक ताईंच्या खांद्यापासून हातभरावर होतं. उजवा हात अंगाखाली दुमडला होता.

पुढचे कित्येक दिवस जो तो विचारायला यायचा, "कशाला धडकला?"

"कशालाच नाही," माळीदादा सांगायचे. "हळूच चालवत होतो. माणूस चालतो तसा."

ऐकणाऱ्याला खरं वाटायचं नाही. माझ्या अंगावर पोचा शोधायचे. पोचा कुठला असणार? मोडलं होतं ते ताईंचं मनगट.

प्लास्टर निघाल्यावर ताई पायी पायी ट्रॅक्टरच्या शेडमध्ये आल्या. बोटं हलत होती, पण मनगट वळत नव्हतं. डॉक्टर म्हणाले होते, व्यायाम करा, बघू. बघून झालं होतं. कात्रीचं पातं अर्ध्यावरच अडत होतं.

"ताई, चुकलं माझं," माळीदादा खाली बघत म्हणाले. "मीच बसवलं तुला."

"आणि घसरती गादी कुणी शिवली? तुझं निम्मं, माझं निम्मं. आता ते उगाळत बसू नकोस. उद्यापासून कुणाला वर बसवू नको."

"कसं नाही म्हणू? मास्तर येतात, म्हातारी माणसं येतात. तोंडावर नाही म्हटलं तर काय वाटेल त्यांना?"

ताई माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुला नाही म्हणता येत नाही ना? मग याला म्हणू दे. वेल्डिंगवाल्याला बोलाव."

वेल्डिंगवाल्यानं माझ्या पाठीवर उभ्या सळ्यांची एक तिरकी रांग जोडली. अंगावर ठिणग्या पडल्या, रंग जळाला. आता मी साळिंदरासारखा दिसतो. पहिल्याच दिवशी मास्तरांनी सवयीनं पाय उचलला आणि तसाच खाली ठेवला.

"हे काय नवीन?"

"ताईंनी करून घेतलं," माळीदादा म्हणाले. "चला, मीही उतरतो. बोलत बोलत चालू."

मास्तरांना काही वाईट वाटलं नाही.

ताई आता डाव्या हातानं खडूच्या रेघा मारतात आणि वहिनी त्यावरून कात्री चालवतात. वहिनींची रेघ जरा वाकडी जाते. ताई नुसतं कापड सरळ करून देतात.

मित्रांनो, ट्रॅक्टर कितीही हळू चालला तरी त्यावर जागा एकाचीच असते, चालवणाऱ्याची. कुणी प्रेमानं "बस वर" म्हणालं, तर तितक्याच प्रेमानं नाही म्हणा. सगळ्याच मडगार्डांना काही सळ्या नसतात.