दोन थरांची लोकर

मी एक जुनी टकळी आहे. एक सरळ काडी, खाली लाकडी चकती आणि वर तारेचा आकडा, एवढाच माझा पसारा. आकड्यात लोकर अडकवून मला गिरकी दिली, की लोकरीला पीळ बसतो आणि तिचे सूत होते.

मित्रांनो, एका सुताराने मोडक्या खुर्चीच्या लाकडातून मला घडवले आणि मेंढपाळाच्या बहिणीला दिले. घरात तो दादा, ती ताई आणि दादाची बायको ती वहिनी. त्यांच्या मेंढ्या जुन्या जातीच्या होत्या: तपकिरी, आखूड कानांच्या, खडकाळ चढावर शेळीलाही मागे टाकणाऱ्या. अशा मेंढ्या आता फार थोड्या उरल्या आहेत. ताई कातायची, मी गरगरायचे. माझ्या एकसारख्या पिळाचे सगळे कौतुक करत.

मग गिरणीचे मऊ सूत आले. आमच्या लोकरीचा स्वेटर टोचतो, अशी ओरड सुरू झाली. तो घातला की माणूस खांबाला पाठ घासत बसतो, असे खुद्द दादाच म्हणायचा. मी फळीवर धूळ खात पडले. शेवटी दादाने कळप विकून पांढऱ्या, मऊ लोकरीच्या मेंढ्या आणायचे ठरवले. व्यापाऱ्याला निरोपही गेला. ताईचे जेवणावरून मन उडाले.

एका दुपारी वहिनी लोकरीतला कचरा वेचत होती. बोलता बोलता तिने एक बट दोन्ही टोकांना धरून ओढली. एका हातात लांब, राठ केस आले. दुसऱ्या हातात आखूड, कापसासारखा मऊ थर.

"वन्सं, हे दोन्ही आपण एकत्रच कातत आलो की काय?"

"हो ना," ताई म्हणाली. "आणि बोल लावला मेंढीला."

दोघींनी थर वेगळे केले. पण मऊ थराचे तंतू आखूड. माझ्या वजनाने धागा सारखा तुटे. ताईने कानस घेतली आणि माझी चकती झिजवायला लागली. मूठ नसूनही मी जीव मुठीत धरला. हलकी झाले, तेव्हा धागा टिकला. राठ केसांची दोरी वळली, मऊ सुताचा मफलर झाला.

व्यापारी आला त्या सकाळी बोचरा वारा होता. वहिनीने तो मफलर दादाच्या गळ्यात टाकला. बोलताना दादा तो पुन्हा पुन्हा चाचपत होता. कुठल्या लोकरीचा, असे त्याने विचारले, तेव्हा ताईने कळपाकडे बोट दाखवले. दादाने जवळच्या मेंढीच्या लोकरीत बोटे खुपसून पाहिली.

"तुम्हाला उगाच हेलपाटा पडला," तो व्यापाऱ्याला म्हणाला. "चहा तरी घेऊन जा."

मित्रांनो, कुणालाही निरुपयोगी ठरवण्याआधी एकदा जवळून, हात लावून बघा. आणि मला जपायचे असेल, तर काचेच्या कपाटात ठेवू नका. आकड्यावरचा गंज पुसा आणि मला फिरवा. मी फिरत राहिले, तरच त्या मेंढ्या चढावर दिसत राहतील.