बंद फोन

"फोन चालू राहू दे गं. तेवढाच आईचा आवाज कानावर पडतो तुझ्या," नवरा अंथरुणावरून म्हणाला.

"आठवड्यातून एकदा येतो तिचा फोन. त्यासाठी महिन्याचे पैसे भरू?" ती भांडी आपटत म्हणाली. "मग तुमची गोळी बंद करू की पोरीच्या वह्या? सांगा!"

त्यानं तोंड भिंतीकडे वळवलं. ट्रॉलीवरून पडून पाठ मोडली, तेव्हापासून त्याचा आवाजही खचला होता.

गावाबाहेरच्या टोमॅटो निवडायच्या शेडमध्ये सगळ्या तिला घड्याळवाली म्हणायच्या. भोंगा व्हायच्या आधीच ही आपली सरकत्या पट्ट्याशी हजर. मजुरी तासावर. पण उन्हानं माल करपला, आठ तासांचं काम पाचावर आलं; पोटं मात्र चोवीस तासांचीच राहिली. आधी दूध बंद झालं. मग बसनं जाणं सुटलं, आणि भेगाळलेल्या रानातून ती पायी जाऊ लागली. टाचा त्या जमिनीसारख्याच उलल्या. आता फोनची पाळी आली.

दुकानदाराच्या फोनवरून तिनं आईला कळवलं, "आई, माझा फोन बिघडलाय. महिनाभर काही लागायचा नाही."

"पाण्यात पाडला असशील! लहानपणापासून धांदरटच तू." म्हातारी हसली. "पैशापाण्याचं काय गं तुझं?"

"मजेत चाललंय. तू नको काळजी करूस."

तिसऱ्या आठवड्यात भर दुपारी धाकटा भाऊ शेडच्या दारात उभा राहिला. अंगभर धूळ. त्याला बघून आधी तिला आनंदच झाला. मग त्याचा चेहरा दिसला.

"आई गेली, ताई. काल सकाळी. ताप डोक्यात गेला. तीन दिवस तुला फोन लावतोय मी. ती सारखी दाराकडे बघत होती गं. संध्याकाळपर्यंत थांबलो तुझ्यासाठी. या उन्हात आणखी किती थांबणार?"

ती पट्ट्याला धरून उभी राहिली. समोरून टोमॅटो तसेच पुढे जात होते.

"एक फोन दुरुस्त करून घेता आला नाही तुला?" भाऊ एकदम ओरडला. "मजेत आहेस म्हणालीस ना आईला?"

खरं सांगायचं तिच्या ओठावर आलं होतं. पण आईला जे कळू दिलं नाही, ते आता ह्याला सांगून काय करायचं?

"चुकलंच माझं," ती म्हणाली.

भावाबरोबर ती माहेरी गेली. आईची खाट भिंतीला उभी करून ठेवली होती. तिनं ती आडवी केली आणि तिच्यावर नुसती पडून राहिली. रडूसुद्धा नीट आलं नाही. तिसऱ्या दिवशी भोंग्याच्या आधी ती पुन्हा पट्ट्याशी हजर होती.

"काय घड्याळवाली, दोन दिवस कुठं होतीस?" नव्या मुकादमानं वही उघडत विचारलं.

"आईकडे."

"आजारी होती का? आता कशी आहे?"

शेजारच्या बाईनं मान खाली घातली.

"बरी आहे," ती म्हणाली, आणि पट्ट्यावरून आलेला पहिला नासका टोमॅटो तिनं उचलून बाजूला टाकला.