न उतरलेलं मीठ

बॉयलरघराच्या दारातच तुरटीला कळलं, की काहीतरी बिनसलंय. तीन आठवड्यांच्या रजेनंतर ती आज कामावर आली होती, डबासुद्धा अजून हातातच होता, आणि नजर गेली थेट धुराड्यावरच्या काट्याकडे. जाताना तो दोनशे दहा अंशांवर होता. आता दोनशे साठ! नळ्यांवर क्षाराचा थर चढला, की आतल्या पाण्याला उष्णता पोचत नाही, ती बापडी धुराड्यातून निघून जाते.

आता तुरटी हे काही तिचं खरं नाव नव्हे. हॉस्पिटलचं पाणी तपासायचं काम तिचं. गढूळ काही दिसलं, की हात घातल्याशिवाय राहवत नाही आणि जिभेलाही जरा तुरटपणा आहेच, म्हणून मामाने लहानपणीच हे नाव ठेवलं. मामा म्हणजे तिच्या आईचा धाकटा भाऊ, या बॉयलरवर एकतीस वर्षं काढलेला माणूस. बाप गेल्यावर तिला वाढवलं त्याने, आणि या कामाला लावलं तेही त्यानेच. महिनाअखेरीस तो निवृत्त होणार होता.

"आलीस का? ताईचा पाय काय म्हणतो?" मामा खुर्चीतूनच ओरडला. त्याची खुर्ची बॉयलरपासून दोन हातांवर.

"जुळतोय. मामा, काटा बघितलास?"

"तो काटा माझ्याहून म्हातारा झालाय. त्याचं काय मनावर घेतेस!"

"आणि पाणी?"

"निळंशार! रोज. एकवीस दिवस वहीत लिहिलंय, बघ की. आणि मिठाची टाकी बघून ये. बोटभर मीठ उतरलेलं नाही. तू असतीस तर चार पोती फस्त केली असतीस!"

मामा खुशीत हसला. तुरटीला मात्र हसू आलं नाही. मीठ उतरलं नाही? अहो, मीठ उतरायलाच हवं! पाणी मऊ करणाऱ्या सॉफ्टनरच्या टाकीत बारीक मणी असतात. जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम ते धरून ठेवतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. मणी भरले, की मिठाच्या पाण्याने धुऊन काढायचे, मग ते पुन्हा कामाला तयार. मीठ जागचं हललं नाही, म्हणजे मणी धुतलेच गेले नाहीत, आणि एकतीस वर्षांचा हा गडी त्याला काटकसर समजून बसला होता!

तिने डबा तसाच टेबलावर आदळला. चार पायऱ्या उतरून सॉफ्टनरच्या नळाचं पाणी घेतलं, वर येऊन त्यात औषधाचे थेंब टाकले, चिमूटभर काळी पूड टाकली. पाणी मऊ असतं तर निळं झालं असतं. ते झालं डाळिंबी लाल.

"बाटली कुठल्या पाण्याने धुतलीस?" मामाने लगेच पकडलं.

तिने ती बेसिनच्या नळाखाली धुतली होती, घाईघाईत. क्षणभर तिला आशा वाटली. शुद्ध पाण्याने बाटली तीनदा विसळून तिने पुन्हा नमुना आणला. पुन्हा लालच.

"मग मी काय खोटं लिहिलं?" मामाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "माझ्या डोळ्यांदेखत निळं होत होतं!"

"नमुना कुठून घेत होतास?"

मामाने खुर्चीशेजारच्या नळाकडे नुसती हनुवटी केली. तुरटीने कपाळावर हात मारला. त्या नळाला यायचं ते वाफेचं परत झालेलं पाणी! वाफ क्षार मागे ठेवूनच वर जाते. खाली सॉफ्टनर मोडीत निघाला असता तरी ते पाणी निळंच झालं असतं.

"बॉयलर बंद कर, मामा. आत्ता."

"उद्या सकाळी सहा ऑपरेशनं आहेत! वाफ नसली तर उपकरणं कशाने निर्जंतुक करणार? माझ्या पाळीत हा कधी बंद पडलेला नाही, तुरटे. शेवटच्या महिन्यात मान खाली घालून जाऊ?"

ती येरझाऱ्या घालू लागली. दारापर्यंत, पुन्हा काट्यापर्यंत. दोनशे एकसष्ट. बटण काही लांब नव्हतं, पण ते तिने दाबलं असतं तर सगळ्या हॉस्पिटलात बोभाटा झाला असता, की भाचीने मामाला हटवलं. आणि नसतं दाबलं तर?

"थराखाली तापून नळी फुटली तर आधी कोण भाजेल? ही खुर्ची कुणाची आहे?" तिचा आवाज चिरकला. "मला नको तुझी ताठ मान, मला तू हवा आहेस! चल खाली, तुझ्या डोळ्यांनी बघ."

मामा उठला. पायऱ्यांशी आला, कठड्याला धरलं आणि तिथेच थांबला. एक पाय पुढे केला, मागे घेतला. गुडघा वाकतच नव्हता.

"कधीपासून?"

"सहा महिने झाले. बोलू नकोस कुणाला. महिनाभराचा तर प्रश्न होता गं."

रजेवर जाताना तिनेच घाईघाईत वही त्याच्या हातात कोंबली होती. तू जा, मी बघतो, म्हणाला होता तो. तिने एकदा तरी विचारलं होतं, जमेल का? तिला त्याचा राग आला आणि स्वतःची लाज वाटली, दोन्ही एकदमच. तिने त्याच्या काखेत हात घातला. चार पायऱ्यांना किती वेळ लागला देव जाणे.

मिठाची टाकी काठोकाठ दिसत होती. तुरटीने झाडूचा दांडा उलटा धरून खुपसला. वरचा टणक थर फुटला आणि सगळं मीठ धाडकन खाली कोसळलं. खाली नुसती पोकळी होती! वरचं मीठ चिकटून छपरासारखं अडकलेलं, आणि खालच्या पाण्याला त्याचा स्पर्शही नाही. मामाने टाकीत डोकावून बघितलं. मग त्याने तिच्याकडून बाटली मागून घेतली आणि सॉफ्टनरच्या नळाखाली स्वतः भरली.

वर आल्यावर त्या पाण्याचाही रंग लाल झाला. तुरटीने बटणाकडे हात नेला.

"हात लावू नकोस. पाळी माझी आहे."

त्याने बटण दाबलं. घरघर थांबली, आणि भिंतीवरचं घड्याळ टिकटिक करतं हे तुरटीला पहिल्यांदाच कळलं. मामाने ऑपरेशन विभागाला फोन लावला.

"बॉयलरवाला बोलतोय. बॉयलर बंद केलाय. उद्याची उपकरणं दुसऱ्या हॉस्पिटलात पाठवा. नाही, मशीनने काही केलं नाही. चूक माझी आहे. हो, माझीच."

पलीकडचा आरडाओरडा तुरटीलाही ऐकू येत होता. मामाने तो शेवटपर्यंत ऐकून घेतला. मग म्हणाला, "वही आण."

एकेका ओळीतलं 'निळं' खोडून त्याने पुढे लिहायला घेतलं: पायऱ्या उतरलो नाही. पायऱ्या उतरलो नाही.

"एकदा लिही ना, पुरे," तिला रडू आवरेना.

"गप. एकवीसदा निळं लिहिताना हात दुखला नव्हता."

एकविसावी ओळ झाली. मग त्याने आजची तारीख टाकली, चष्मा पुसला आणि सावकाश लिहिलं: आज उतरलो. पाणी लाल.