गस अस्वलाचा लाल मफलर

“हलू नकोस रे सोन्या, डोळा वाकडा बसेल!”

मित्रांनो, माझ्या कानांवर पडलेलं हे पहिलं वाक्य. बोलणाऱ्या होत्या आगाथाबाई, आणि मी तेव्हा अर्धाच होतो. एक डोळा बसला होता, दुसरा सुईच्या टोकाशी लोंबत होता. आता सांगा, कापडाचा मी, हलणार कुठून? पण डोळा बसला तो वाकडाच. तेव्हापासून मी एका डोळ्यानं वर्गाकडे बघतो आणि एका डोळ्यानं दाराकडे.

माझं नाव गस. कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांतात, एका लहानशा गावच्या शाळेत, पहिलीच्या दाराशी खुंटीला लटकलेला मी एक जुना अस्वलोबा आहे. आगाथाबाई त्या वर्गाच्या शिक्षिका. नवऱ्याचा राखाडी लोकरी कोट विरला, तो उसवून त्यांनी मला शिवलं. मग माझे कपडे शिवले. जाड विजार, थंडीतले फेल्टचे बूट, चेनचा कोट, टोपी, दोरीनं जोडलेले हातमोजे, आणि एक लाल मफलर. पोरांनी रोज सकाळी खिडकीबाहेरचा थर्मामीटर वाचायचा आणि जशी हवा असेल तसं मला नटवायचं. थंडी फारच असेल तर मफलर माझ्या नाकावरून गुंडाळायचा. नाक झाकलं की मधली सुट्टी वर्गात. कपड्यांचा क्रम ध्यानात राहावा म्हणून बाईंनी गाणंही रचलं होतं:

आधी विजार, मागून बूट,
कोटाची चेन ओढा चट,
टोपी घाला, कान झाका,
हातमोजे मात्र शेवटी राखा!

इतकं सोपं गाणं. पण नाही! मार्च आला, वर्गात हवामानाचा आठवडा लागला, की दरवर्षी माझे हाल कुत्रा खात नाही. कुणी माझे दोन्ही पाय विजारीच्या एकाच नळीत कोंबतं. कुणी आधी स्वतःचे हातमोजे घालतं, मग त्या जाडजूड बोटांनी माझी चेन ओढायला बघतं, आणि ती लागत नाही म्हणून भोकाड पसरतं! माझा डावा कान कुणी चघळला तेही मला ठाऊक आहे. तो हल्ली गावात दातांचा डॉक्टर आहे. कौतुकही झालं, नाही म्हणत नाही. तपासनीस यायचे, माझा गाल ओढून “वा!” म्हणायचे. आणि एप्रिल सरला की पुन्हा मी कपाटात, वाळक्या रंगांच्या बाटल्यांच्या मागे, पार उन्हाळाभर.

आगाथाबाई गेल्या. आता मिस थीसन शिकवतात. बाई गुणाची आहे, पण नेहमी घाईत.

यंदाचा हवामानाचा आठवडा आला तो बर्फ वितळवतच. पागोळ्या टिपटिपू लागल्या, अंगणातल्या पांढऱ्या बर्फाचा करडा चिखल झाला. पोरं आनंदानं वेडी झाली. आणि मला सजवायचं काम लागलं मार्गो लापोइंटकडे. दोन वेण्या, पुढचा एक दात पडलेला, बोलणं मोजकं.

सोमवारी ती खिडकीपाशी गेली, बराच वेळ बघत उभी राहिली, आणि येऊन तिनं माझ्यावर सगळं कपाट रिकामं केलं. वरून लाल मफलर, थेट डोळ्यांपर्यंत!

“ए मार्गो, येडी का गं तू?” डार्सी ओरडला. त्याचा आवाज म्हणजे शाळेची घंटाच. “बाहेर पाणी झालंय पाणी! मिस, हिला थर्मामीटर उलटा दिसतो!”

“डार्सी, हळू,” मिस थीसन म्हणाल्या. “मार्गो, शून्याच्या वर आहे ना गं पारा? मग?”

“थंडी आहे,” मार्गो म्हणाली. मिसनी माझा मफलर सोडला आणि मधली सुट्टी बाहेरच दिली.

मंगळवारी तेच. बुधवारी तेच. मी आतून उकडून निघालो. वर्गातले हीटर धडधडताहेत, खिडकीत ऊन आलंय, आणि मी आपला बर्फाच्या वादळात निघाल्यासारखा! मिस थीसननी तिला फळ्यापाशी उभं केलं, पारा काढून दाखवला, लाल रेघ वर, लाल रेघ खाली. तिनं सगळी उत्तरं बरोबर दिली. आणि गुरुवारी पुन्हा माझं नाक बांधलं.

“आता काय करू मी या पोरीचं?” मिस थीसन पुटपुटल्या. “उद्याही असंच झालं तर हे काम दुसऱ्या कुणाला देते, बरं का मार्गो.”

“मला!” डार्सी.

मार्गोचा चेहरा पडला. अहो, तिला पारा वाचता येत होता! मग ती असं का करते ते कुणालाही कळत नव्हतं, मला मात्र कळत होतं, कारण माझा वाकडा डोळा दाराकडे असतो.

दाराशी रबरी चटई आहे. तिथं पोरं बाहेरचे बूट काढतात आणि आतले घालतात. मार्गोनं बूट काढले की चुरचुर आवाज यायचा. मोज्यांवर पावाच्या रिकाम्या प्लास्टिकच्या पिशव्या चढवलेल्या असायच्या. इकडे ही जुनीच रीत. बूट गळका असला की पावाची पिशवी. कोरड्या बर्फात ती पुरते. चिखलाचं पाणी बुटात भरलं की पिशवीच्या वरून आत शिरतं. सोमवारी मधल्या सुट्टीनंतर तिनं आपला डावा मोजा हीटरवर लपवून वाळत घातला होता.

आणि तिच्या आईचं बोलणंही मी ऐकलं होतं. मार्गोचे बाबा हिवाळाभर लांब उत्तरेला, गोठलेल्या तलावांवरून मालाचा ट्रक चालवतात. पोट सांभाळत, वाकून लेकीच्या पायात बूट चढवताना ती म्हणाली होती, “तलावांवरचा बर्फाचा रस्ता मोडला की ट्रक बंद, मग बाबा घरी येतील, नि पहिल्यांदा तुझे बूट. तोवर कुणाला सांगत बसू नको हं, राणी. आपलं आपल्यात.”

“नाही सांगणार.”

आणि पोरीनं शब्द पाळला. सांगितलं नाही. फक्त चिखलात जायला नको म्हणून सगळ्या वर्गाला आत कोंडायला निघाली, माझं नाक बांधून! इतका राग आला मला. तिचा नव्हे, माझाच. लोकरीचं तोंड असून काय उपयोग?

मित्रांनो, आता एक मागणं. माझे कान ओढा, चघळा, चेन तोडा, मी जुना आहे, सोसेन. पण शेजारी बसणारं कुणी रोज तेच चुकीचं उत्तर देत असेल, तर हसण्याआधी एकदा दाराशी त्याच्याबरोबर बूट काढायला बसा. अर्थात अस्वलाचं ऐकतो कोण!

शुक्रवारी ऊन लख्ख होतं. पारा आठवड्यातला सगळ्यांत वर चढलेला. मार्गोनं मला खुंटीवरून काढलं. विजार, बूट, कोट, टोपी. हातमोजे शेवटी, अगदी गाण्याच्या क्रमानं. मफलर हातात घेतला, आणि थांबली. मग तो तिनं खाली ठेवला. खिशातून पावाच्या पिशवीचे दोन तुकडे काढले, माझे बूट ओढून काढले, पायांना ते तुकडे गुंडाळले आणि बूट पुन्हा चढवले.

“बघा, नाक उघडं!” डार्सी म्हणाला. “हिला कळलं एकदाचं!”

मिस थीसन हसत आल्या. “शाबास गं! पण एवढ्या उन्हात फेल्टचे बूट कशाला? काढ बघू.” आणि त्यांनीच माझा डावा बूट ओढला.

चुर्र.

मिस थीसन थांबल्या. त्यांनी तो तुकडा हातात धरला, त्यावरचं बेकरीचं नाव वाचलं. मग त्या चटईवर मांडी घालून बसल्या. घाई कुठल्या कुठे गेली होती. वर्ग बाहेर जायला रांगेत उभा, डार्सीची चुळबुळ चाललेली, तरी त्या बसून राहिल्या.

“मार्गो, गसला हे कशाला घातलंस?”

मार्गो माझ्याकडे बघत होती, त्यांच्याकडे नव्हे. मी तिच्या मांडीवर होतो आणि तिची बोटं माझ्या चघळलेल्या कानाशी चाळा करत होती.

“थंडीत पिशवी चालते, मिस,” ती म्हणाली. “पाण्यात नाही चालत.”

आणि मग, अगदी माझ्या कानात सांगावं तसं, पण सगळ्या वर्गाला ऐकू गेलं:

“माझा डावा बूट फुटलाय.”