येसाजीच्या न्हाणीतला खापरी नळ

मित्रांनो, सुप्याजवळच्या एका वाडीत, येसाजीच्या परसात केळीच्या बुडाशी अर्धा मातीत रुतून पडलेला मी खापराचा एक जुना नळ आहे. माझी माती खानापूरकडची. कुंभाराने मला घडवले, भट्टीत भाजले आणि गाडीत भरले. त्या काळी या रानात मोटार आली नव्हती. बैलगाडीच्या हिसक्यांत माझ्या कडेचा टवका उडाला. तरीही येसाजीने मला न्हाणीपासून केळीपर्यंत माझ्या भावंडांच्या रांगेत पुरले.

येसाजीची बायको फुला न्हायला बसली की मला बरे वाटे. तिचे केस गुडघ्याला लागत. सासू इंदुबाई स्वतः तिच्या डोक्याला तेल घाली आणि बजावी, "विंचरल्याले केस भाईर टाकू नको गं. कुनीतरी उचलून करणी करतंय." म्हणून फुला केसांचा गुंता बोटाला गुंडाळून न्हाणीच्या भोकात सारी. तो माझ्यापर्यंत येई, तुटक्या कडेला अडके आणि तिथेच राही. पाण्याला अजून वाट होती, त्यामुळे कोणाला काही कळले नाही.

पुढे फुला हिवतापाने गेली. वर्षाच्या आत बायजा दुसरेपणावर नांदायला आली. गाळ साचत साचत मी एक दिवस पुरता तुंबलो. येसाजीने बांबूची काठी घालून ढोसले, तेव्हा काठीच्या टोकाला लांबच लांब काळे केस आले. बायजाचे केस तर खांद्यापर्यंतच होते. इंदुबाईने ते केस ओळखले.

"फुलाच हाय ती," ती म्हणाली. "तिला सवत खपंना झालीया."

तेव्हापासून त्या घरात कोणी न्हाणीकडे पाठ करून बसेना. पाणी अडले की हवा मागे सरे आणि माझ्यातून हुंदक्यासारखा आवाज निघे. तो माझा आवाज होता, मित्रांनो. पण त्यांना तो फुलाचा वाटे. खरे सांगतो, तिचे केस पोटात धरून अंधारात पडलेल्या मलाही कधी कधी तसेच वाटे.

मग दर अमावास्येला इंदुबाई न्हाणीच्या भोकात दहीभात सोडू लागली. फुलाने खावा आणि शांत व्हावे म्हणून. तो भात केसांवर जाऊन बसे, आंबे, आणि न्हाणीत घाण पाणी वर येई. पाणी वर आले की पुढच्या अमावास्येला भात वाढे. मला ओरडून सांगावेसे वाटे, पण नळाचे कोण ऐकतो?

शेवटी इंदुबाईने बायजाला माहेरी धाडायचे ठरवले. "दोघी एका घरात नांदायच्या न्हाईत," ती म्हणाली. येसाजीने बायजाच्या भावाला निरोप धाडला. बायजाला आईबाप नव्हते. भावजयीच्या दारात जन्म काढायचा, या विचाराने तिला घास जाईना.

भाऊ न्यायला येणार त्याच्या आदल्या दिवशी ती परसात फिरत होती. एकाच जागी, कोणी न लावता, अळू माजला होता. तिने कुदळ आणली.

"काय करतीस?" येसाजीने विचारले.

"पानी हितं मुरतंय, मग अडलंय बी हितंच. जायच्या आधी बघू तरी द्या मला."

येसाजी जरा घुटमळला, मग तोही खणू लागला. त्यांनी मला उपसून बाहेर काढले. बायजाने माझ्यात हात घालून ओढले, तसा नारळाएवढा गोळा बाहेर आला. इंदुबाई दाराआडून बघत होती. बायजाने गोळ्यावर पाणी ओतले. आंबलेला भात सुटून गेला आणि खाली नुसते केस उरले.

"आत्ती, बघा," बायजा सासूला म्हणाली. "भात तुमचाच हाय. केस तिनं विंचरून टाकल्याले. तिचा कुनावर राग न्हाई."

"मीच सांगितलं व्हतं तिला," इंदुबाई पुटपुटली. ती हळूहळू जवळ आली, खाली बसली आणि ते ओले केस मांडीवर घेऊन बोटांनी सोडवू लागली. फुला गेल्यावर तिला भीतीच एवढी वाटली होती की रडायचे राहूनच गेले होते. ती त्या दिवशी रडली. बायजा तिच्या पाठीवरून हात फिरवत बसली.

दुसऱ्या दिवशी भाऊ आला आणि जेवून एकटाच परत गेला. केस दोघींनी मिळून जवळच्या काळी नदीत सोडले. माझ्या जागी नवा नळ बसला.

मित्रांनो, पाणी तुंबले तर आधी खणून बघा. आणि घरातले माणूस गेले तर त्याला भिण्याआधी त्याच्यासाठी रडून घ्या.